क्रोम पुसताना हात हलका ठेवा

बाईकवरच्या क्रोमचा थर किती जाड असतो हे एकदा कळलं ना, की पॉलिशच्या डबीकडे जाणारा हात आपोआप थांबतो. मडगार्ड, आरसे, हेडलाइटची रिंग, सायलेन्सर, सगळीकडे जे शोभेचं क्रोम असतं त्याची जाडी साधारण ०.२ ते ०.५ मायक्रॉन असते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरला तर हा थर त्याच्या साधारण दीडशे ते साडेतीनशेव्या भागाएवढा झाला. दिसायला एवढं भरभक्कम, हाताला गार आणि टणक लागणारं, आणि प्रत्यक्षात इतकं पातळ! मला गाडी स्वच्छ ठेवायची मनापासून आवड आहे आणि त्यातही क्रोम पुसायचं काम मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही, पण हा आकडा वाचल्यापासून माझी पुसायची पद्धतच बदलली, आणि हा लेख त्याबद्दलच आहे. क्रोमला पॉलिश फार कमी वेळा लागतं. जे लागतं ते पाणी, साबण, कोरडं फडकं आणि थोडा धीर.

आधी हे समजून घेऊ की आपण नेमकं काय पुसतोय. लोखंडाच्या पार्टवर क्रोम सहसा थेट चढवत नाहीत. आधी पार्ट घासून, बफ करून गुळगुळीत करतात, मग बऱ्याचदा तांब्याचा थर, त्यावर निकेलचा थर, आणि सगळ्यात शेवटी क्रोमचा हा नाममात्र पापुद्रा. निकेल मात्र चांगलं १० ते ४० मायक्रॉन असतं, म्हणजे क्रोमच्या कितीतरी पट जाड. म्हणजे आपल्याला जी खोल चमक दिसते ना ती खरं तर खालच्या बफिंगची आणि निकेलची असते, क्रोम त्याला ती निळसर छटा देतं आणि ती चमक टिकवतं. जुन्या काळी, म्हणजे १९२० च्या दशकात क्रोम प्लेटिंग बाजारात यायच्या आधी, मोटरसायकलींवर नुसतं निकेलच असायचं, आणि निकेल हवेत हळूहळू पिवळट पडतं, धुरकट होतं, त्यामुळे मालकांना ते सारखं घासत बसावं लागायचं. क्रोम आलं आणि ही कटकट संपली, कारण क्रोम हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःवर काही नॅनोमीटरचं ऑक्साइडचं कवच तयार करतं, ते पारदर्शक असतं, ओरखडा पडला तर पुन्हा आपणहून भरून येतं, आणि त्यामुळे क्रोम काळं पडत नाही. म्हणजे गंमत बघा, ज्या धातूचा शोधच सारखं घासावं लागू नये म्हणून लोकांनी उचलून धरला त्यालाच आपण सगळ्यात जास्त घासतो.

निकेलचं महत्त्व किती ते सांगणारी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९५० नंतर कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेत निकेलच्या वापरावर निर्बंध आले, कारण ते लष्करी कामाला हवं होतं. तेव्हाच्या गाड्यांच्या बंपरवर निकेल कमी करून किंवा जवळपास वगळून क्रोम चढवलं गेलं आणि ते क्रोम लवकर गंजायला लागलं. वरून चमक तीच होती, आत मात्र राखणदारच नव्हता.

आता गंज. क्रोम स्वतः गंजत नाही हे खरंय, पण एवढ्या पातळ थरात बारीक बारीक छिद्रं आणि डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असतातच. त्यातून पाणी आणि मीठ खाली उतरतं, आधी निकेलला खातं आणि मग लोखंडापर्यंत पोचतं, आणि तिथून तांबूस गंज त्याच छिद्रातून वर येऊन टाचणीच्या टोकाएवढा ठिपका म्हणून दिसायला लागतो. म्हणून क्रोमवरचा गंज हा वरून बसलेला डाग नसतो, तो खालून वर आलेला असतो, आणि तो घासून काढला तरी ते छिद्र तिथेच राहतं. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं आपोआप जुळत जातं: क्रोमची निगा म्हणजे ते छिद्र कोरडं ठेवणं, बंद ठेवणं आणि नवीन छिद्रं न पाडणं.

आणि अजून एक, चमकतं ते सगळं क्रोम नसतं. हे तपासल्याशिवाय मी कुठलीही डबी उघडू नका असंच सांगेन. बाईकवर चमकणारे पार्ट चार-पाच जातींचे असतात. लोखंडावरचं क्रोम असतं, त्याला चुंबक चिकटतं. स्टेनलेस स्टील असतं, त्यातल्या बऱ्याच प्रकारांना चुंबक चिकटत नाही आणि रंग क्रोमपेक्षा जरा करडा, ऊबदार दिसतो. पॉलिश केलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, इंजिनच्या कव्हरांवर वगैरे, त्यावर मेटल पॉलिश लावून चोळलं की फडकं लगेच काळंकुट्ट होतं, खऱ्या क्रोमवर तसं होत नाही. शिवाय त्या अ‍ॅल्युमिनियमवर कधीकधी कंपनीने पारदर्शक लॅकर मारलेला असतो, तेव्हा फडकं काळं होत नाही पण आपण धातूऐवजी लॅकरच घासत असतो. आणि मग प्लास्टिक! इंडिकेटरच्या कडा, आरशाची कव्हरं, मीटरभोवतीच्या रिंगा, यात भरपूर वेळा प्लास्टिकवर चढवलेलं क्रोम किंवा नुसता धातूचा फवारा आणि त्यावर लॅकर असतो, नखाने टकटक केलं की आवाजावरून कळतं, हाताला गार लागत नाही. त्या दुसऱ्या प्रकारावर खरखरीत पॉलिश लावलं तर चमकच फडक्यावर उतरून येते आणि खाली प्लास्टिक उघडं पडतं, आणि हे परत जोडता येत नाही. प्लास्टिकवाल्या पार्टला फक्त साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस्स, बाकी काही नाही.

आता सुरक्षिततेचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण मला याची खरंच काळजी वाटते.

बरेच जण चाक साफ करताना काय करतात, गाडी मेन स्टँडवर लावतात, इंजिन चालू करून गिअर टाकतात, मागचं चाक फिरत राहतं आणि रिमला किंवा चेनला फडकं धरून ठेवतात, म्हणजे आपोआप साफ होतं. कृपा करून असं करू नका. फडक्याचं टोक चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये ओढलं जायला डोळ्याची पापणी लवायचा वेळही लागत नाही, आणि फडक्यामागोमाग बोट जातं. इंजिन आयडलला असलं तरी त्यात बोट तोडण्याएवढी ताकद असते, यात जरासुद्धा अतिशयोक्ती नाही, हाताच्या सर्जनना असे पेशंट नेहमी दिसतात. हाताने चाक फिरवतानाही चेनच्या बाजूचा हात कधी आत नेऊ नका, कारण चाकाला एकदा गती आली की ते लगेच थांबत नाही. इंजिन बंद, चावी काढून खिशात, गाडी न्यूट्रलला, सपाट टणक जमिनीवर मेन स्टँड. चाक थोडं फिरवायचं, पूर्ण थांबू द्यायचं, मग पुसायचं, मग पुन्हा थोडं फिरवायचं. वेळ जातो, जाऊ दे.

दुसरं म्हणजे गरम सायलेन्सर. बेंड पाइप, म्हणजे इंजिनमधून निघणारा पहिला पाइप, गाडी चालवून आल्यावर २०० अंश सेल्सिअसच्या वर सहज असतो आणि तो गरम आहे हे दिसत नाही, क्रोम गरम असो की गार, तसंच चमकतं. शिवाय गरम क्रोमवर गार पाणी टाकलं तर पाणी जागच्या जागी वाळून क्षारांचे डाग पडतात आणि शाम्पू वाळून बसतो. गाडी पूर्ण गार होऊ द्या, हाताची मागची बाजू पाइपजवळ नेऊन बघा, ऊब लागत नसेल तर मग बोट लावा. आणि उन्हातही नको, सावलीत काम करा, उन्हात तापलेल्या मडगार्डवरही तेच होतं.

तिसरं, पेट्रोल. फडकं पेट्रोलमध्ये बुडवून क्रोमवरचं ऑइल पुसायची सवय फार जुनी आहे आणि फार वाईट आहे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे कुठल्याही ऋतूत, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. ऑइलचा डाग काढायला डीग्रीझर किंवा भांडी घासायचं लिक्विड पाण्यात पातळ करून पुरतं. आणि सायलेन्सर वाळवायला म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि डोकं जड झाल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

बाकी अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा, एक तर क्रोमवर चरे पडतात आणि दुसरं ते कुठे अडकेल सांगता येत नाही. हातमोजे घाला, खासकरून जिथे क्रोम सुटलंय अशा ठिकाणी, कारण सुटलेल्या पापुद्र्याची कड ब्लेडइतकी धारदार असते आणि फडक्यातून आरपार जाते.

बरं, आता धुणं. क्रोमवर सगळ्यात जास्त चरे कशाने पडत असतील तर ते पॉलिशने नाही, कोरड्या धुळीवरून कोरडं फडकं फिरवल्याने. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ, कठीणपणाच्या मोहस् मापात ७. क्रोम स्वतः ८.५ आहे, म्हणजे कागदावर क्रोम जिंकतं, पण तो थर एवढा पातळ आणि त्याखालचं निकेल एवढं मऊ (मोहस् ४ च्या आसपास) की कण दाबला गेला की क्रोम खालच्या निकेलसकट दबतं, चिरतं, आणि तिथे नवीन वाट तयार होते. मी म्हणूनच रोज सकाळी गाडीवर फडकं मारायच्या सवयीच्या अगदी विरुद्ध आहे. धूळ बसलीय तर बसू द्या, धुवायची असेल तेव्हा नीट पाण्याने धुवा.

आधी नुसतं पाणी, भरपूर, वरून खाली, म्हणजे वाळू, चिखल सगळं आपणहून वाहून जाईल. प्रेशर वॉशर असेल तर लांबून, आणि चाकाच्या बेअरिंगकडे, चेनकडे, फोर्कच्या (पुढच्या शॉकअ‍ॅबसॉर्बरच्या) सीलकडे, स्विचकडे थेट झोत नको. सायलेन्सरच्या तोंडात पाणी जाऊ देऊ नका, पिशवी बांधा. मग वाहनाचा शाम्पू, दोन बादल्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत साधं पाणी, स्पंज किंवा मायक्रोफायबर आधी साध्या पाण्यात पिळायचा आणि मगच शाम्पूत बुडवायचा, नाहीतर आपण मघाशी काढलेली वाळूच परत क्रोमवर नेतो. स्पोकच्या मुळाशी, निपलपाशी, जिथे बोट जात नाही तिथे जुना मऊ टूथब्रश. स्पोकला फडक्याची लांब पट्टी गुंडाळून मागेपुढे ओढली की चारी बाजूंनी साफ होतो. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा वापरायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी, हा नियम मी कधीच मोडत नाही.

मडगार्डच्या आतल्या बाजूला कुणी बघत नाही. आणि नेमका गंज तिथूनच सुरू होतो, कारण चाकाने उडवलेला चिखल तिथे थापून बसतो, दिवसच्या दिवस ओला राहतो, आणि आतल्या बाजूला प्लेटिंगही बऱ्याचदा पातळ असतं. वरचा भाग पुसण्यात जेवढा वेळ घालवतो तेवढाच खाली हात घालून घालवला तर मडगार्डचं आयुष्य वाढतं, हे मी ठामपणे सांगू शकतो.

धुऊन झाल्या झाल्या पुसणं, हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे गोल डाग राहतात, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो, आणि तो पॉलिशने घासण्यापेक्षा व्हिनेगर पाण्यात निम्मं पातळ करून, फडक्यावर घेऊन, मिनिटभर टेकवून ठेवलं की विरघळतो. मग लगेच साध्या पाण्याने धुवायचं आणि कोरडं करायचं. अ‍ॅल्युमिनियमवर ते व्हिनेगर रेंगाळू देऊ नका. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर गाडी धुणं आणि कोरडी करणं हेच खरं पॉलिश समजावं, मिठातलं क्लोराइड हा क्रोमच्या छिद्रांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. घामाच्या हातातही तेच मीठ असतं. पक्ष्यांची विष्ठा आणि चिरडलेले किडे दिसले की त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढायचे, खरवडायचे नाहीत.

काय वापरू नये हे सांगायला पाहिजेच. टॉयलेट साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये बऱ्याचदा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, आणि प्लेटिंगवाले जुनं क्रोम उतरवायला नेमकं हेच अ‍ॅसिड वापरतात, तेव्हा ते गंजावर टाकलं की गंज जातो हे खरं पण क्रोमही जातं. ब्लीचमध्येही क्लोरिन असल्याने ते क्रोमला आणि खालच्या निकेलला खातं. आणि ही दोन एकत्र आली, अ‍ॅसिड आणि ब्लीच, तर क्लोरिन वायू तयार होतो जो फुफ्फुसं जाळतो, त्यामुळे एकावर नाही जमलं म्हणून दुसरं ओतायचा विचारसुद्धा मनात आणू नका. ओव्हन क्लीनर तीव्र अल्कली असतो, शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमची आणि रंगाची वाट लावतो. भांडी घासायची तारेची घासणी, सँडपेपर, वायर ब्रश, हे क्रोमजवळ फिरकायलाही नकोत.

गंजाचे ठिपके आले असतील तर मला आवडणारी पद्धत सांगतो. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चुरगळून, पाण्यात बुडवून, अगदी हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ असतं (मोहस् ३ च्या जरा खाली) त्यामुळे ते गंज उचलतं आणि क्रोम सोडतं. मात्र घासताना फॉइलवरून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी सुटते आणि ती कठीण असते, म्हणून जोर लावायचा नाही आणि मधेमधे ती करडी पेस्ट पुसून, पाणी टाकून, फॉइल बदलत राहायचं. पाण्याऐवजी हलकं ऑइल वापरलं तर अजून सौम्य काम होतं. काही जण ०००० नंबरची अतिबारीक स्टील वूल वापरतात, पण तिचे तुकडे तुटून कोपऱ्यात राहतात आणि मग तेच गंजतात, त्यापेक्षा पितळी किंवा ब्राँझची वूल बरी. गंज निघाल्यावर खाली बारीक काळा ठिपका उरतो. तो उरणारच, तेच ते छिद्र आहे. तो काढायच्या नादात अजून घासत बसलात तर छिद्र मोठं होईल. कोरडं करा, वॅक्स भरा आणि सोडून द्या.

फोर्कचे पाइप मात्र वेगळे आहेत आणि त्यांना वेगळी वागणूक द्यायची. त्यांच्यावरचं हार्ड क्रोम शोभेचं नसतं, कामाचं असतं, दहा-वीस मायक्रॉन किंवा त्याहून जाड, आणि त्याच्यावरून ऑइल सील सतत वरखाली घसरत असतं. तिथे एक छोटा खड्डा पडला किंवा गंजाचा कण उभा राहिला तर तो सीलचा ओठ कापतो, मग फोर्क ऑइल गळतं, आणि ते खाली ओघळून ब्रेक डिस्कवर जातं. म्हणजे वर दिसायला नुसता ठिपका आणि खाली ब्रेकच लागत नाहीत. म्हणून तिथे खरखरीत काहीच फिरवायचं नाही, प्रत्येक धुण्यानंतर मऊ फडक्याने चिखल आणि किडे काढायचे, आणि सील चालते त्या पट्ट्यात गंज दिसला तर घरचे प्रयोग सोडून मेकॅनिकला दाखवायचं.

सायलेन्सर निळा पडतो त्याचं लोकांना फार वाईट वाटतं. मला तो रंग खरं तर सुंदर वाटतो. उष्णतेने धातूवर ऑक्साइडचा थर जाडावत जातो आणि त्या थराच्या जाडीप्रमाणे प्रकाशाचे रंग बदलतात, आधी गवती पिवळा, मग जांभळट, मग निळा, पाण्यावरच्या ऑइलच्या तवंगात दिसतात ना तसे. पॉलिशने तो निघतो, पण कारण तसंच राहिलं तर थोड्याच दिवसांत परत येतो. इंजिनमध्ये जाणारं पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ झालंय का, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे गेलंय का, सिलिंडर आणि बेंड पाइपच्या जोडातून हवा ओढली जातेय का, ते आधी तपासायला हवं, आणि पाइप एकपदरी असेल तर थोडा रंग येणारच, ते मान्य करावं. बुटाचा तळ किंवा रेनकोटचं प्लास्टिक वितळून चिकटलं असेल तर पाइप किंचित कोमट असताना लाकडी काडीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने अलगद उचलायचं, स्क्रू ड्रायव्हरने नाही.

पॉलिश कधी मग? धुऊन, कोरडं करून, डाग विरघळवूनही क्रोम धुरकट दिसत असेल तेव्हा. क्रोमसाठीचं, बारीक दाण्याचं, नखाएवढं थोडं, मऊ फडक्यावर, आणि आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघायचं. हात हलका. खालची चमक आधीच तयार आहे, आपण तिच्यावरचं मळभ फक्त बाजूला सारतोय, हे मनात असलं की जोर आपोआप कमी होतो. ब्रेक डिस्कवर आधी पिशवी बांधा, कारण पॉलिश किंवा वॅक्सचा थेंब डिस्कला किंवा पॅडला लागला तर ब्रेक धरत नाहीत, आणि चुकून लागलाच तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसायची आणि पॅडने ऑइल प्यायलं असेल तर पॅड बदलायचे. टायर, सीट, फूटरेस्ट, हँडल ग्रिप, यांवरही काही चमकदार, निसरडं लावायचं नाही. आणि सगळं झाल्यावर गर्दीत निघण्याआधी गाडी हळू चालवत दोन्ही ब्रेक दाबून बघायचे.

वॅक्स मात्र पॉलिशपेक्षा कितीतरी उपयोगी, कारण ते काही काढत नाही, वर बसतं आणि त्या छिद्रांची तोंडं काही काळ बंद ठेवतं. पातळ थर, जरा धुरकट झाला की पुसून टाकायचा. फक्त सायलेन्सरवर नको, वॅक्समध्ये वापरतात ते कार्नोबा मेण ८०-८५ अंशांना वितळतं, तेव्हा तिथे ते जळून पिवळे डागच पडतील.

मला या कामातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे गाडीचा प्रत्येक इंच हाताखालून जातो. एक ढिला स्पोक, हेडलाइटच्या ब्रॅकेटची केसाएवढी चीर, गॅस्केटपाशी ऑइलची ओल, नट जरासा फिरलेला, हे चालवताना कळत नाही, पुसताना कळतं. हलक्या हाताने पुसणाऱ्याला जास्त कळतं, कारण जोर लावला की लक्ष फडक्यात जातं आणि धातूत राहत नाही. म्हणून मी घाई असेल त्या दिवशी क्रोमला हात लावत नाही.

शेवटी कधीतरी क्रोम पापुद्र्याने सुटायला लागतंच, आणि सुटलेलं क्रोम कुठल्याच पॉलिशने परत चिकटत नाही. तिथे री-प्लेटिंग हाच उपाय, आणि ते घरी करायचं काम अजिबात नाही. पारंपरिक प्लेटिंगच्या टाकीत क्रोमिक अ‍ॅसिड असतं, म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, ते कॅन्सर करणारं आहे हे सिद्ध झालेलं आहे, आणि म्हणूनच युरोपीय संघात २०१७ पासून ते विशेष परवानगीशिवाय वापरता येत नाही. आता त्याला ट्रायव्हॅलंट क्रोमचा पर्याय आहे, रंगात किंचित फरक असतो पण मला तो पुरेसा छान वाटतो आणि कामगाराच्या फुफ्फुसांचा विचार करता मी तोच निवडेन. क्रोम असलेल्या पार्टवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी त्या जागचं क्रोम काढायलाच हवं, कारण त्या धुरातही हेच हेक्झाव्हॅलंट येतं. प्लेटिंगला पार्ट देताना चमकेबद्दल नाही तर निकेलबद्दल विचारा, किती जाड देणार, खाली तांबं देणार का, जुने खड्डे आधी भरून घेणार का. आणि पार्ट परत आला की पहिले काही महिने त्याला पॉलिश लावूच नका, साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं एवढंच. बेंड पाइप असेल तर पहिल्यांदा इंजिन सुरू करायच्या आधी तो अल्कोहोलने पुसून, अल्कोहोल पूर्ण उडून जाऊ द्या, कारण बसवताना उमटलेले बोटांचे ठसे तसेच राहिले तर ते पहिल्याच तापण्यात भाजून बसतात आणि मग सहजासहजी निघत नाहीत.